विश्लेषण : तंत्रज्ञान कंपनीने स्वतःचे ‘गेम इंजिन’ बांधावे का? अ‍ॅमेझॉनचा अनुभव काय सांगतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने आपल्या ‘होरायझन वर्ल्ड्स’ या आभासी जगासाठी स्वतःचे ‘होरायझन इंजिन’ जाहीर केले. तोवर हे जग ‘युनिटी’ या बाहेरच्या कंपनीच्या इंजिनवर चालत होते. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २८ ऑक्टोबरला, अ‍ॅमेझॉनने सुमारे १४ हजार कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली आणि त्यात कंपनीच्या गेम विभागालाही मोठी कात्री लागली. ‘न्यू वर्ल्ड’ या अ‍ॅमेझॉनच्या सर्वांत गाजलेल्या गेममध्ये यापुढे नवी भर पडणार नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. हा गेम अ‍ॅमेझॉनने घरच्या इंजिनवर उभा केला होता. म्हणजे ज्या वाटेवरून एक बलाढ्य कंपनी मागे फिरत होती, त्याच वाटेला दुसरी लागत होती. पैसा आहे, अभियंते आहेत, जगभर पसरलेले सर्व्हर आहेत. मग अशा कंपनीला एक इंजिन का जड जावे?

गेम इंजिन म्हणजे नेमके काय?

नाटकाचा विचार करा. संहिता, नट, दिग्दर्शन हे नाटक. पण रंगमंच, प्रकाशयोजना, ध्वनी, पडदा ओढण्याची सोय, नेपथ्य बदलण्याची यंत्रणा हे नाटक नव्हे, तरी त्यांच्यावाचून प्रयोग होत नाही. गेममधले हे सगळे मागचे काम इंजिन करते. पडद्यावर चित्र रेखाटणे, उडी मारल्यावर पात्र किती वेगाने खाली येईल हे ठरवणे, पावलांचा आवाज कोणत्या दिशेने यावा हे सांभाळणे, शंभर खेळाडू एकाच मैदानात असतील तर प्रत्येकाच्या फोनवर तेच दृश्य दिसेल याची काळजी घेणे ही कामे प्रत्येक गेमला लागतात. ती प्रत्येक वेळी नव्याने लिहिण्याऐवजी एकदा लिहून पुन्हा पुन्हा वापरायची, ही त्यामागची साधी कल्पना.

वेळेचे बंधन मात्र फार कडक असते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाश, सावल्या, हालचाली, टक्कर, आवाज, जाळ्यावरून आलेली माहिती या सगळ्याचा हिशेब पूर्ण व्हावा लागतो. तो चुकला की खेळणाऱ्याला चित्र अडखळताना दिसते.

आणखी एक भाग बाहेरून दिसत नाही, पण खरे भांडण तिथेच असते. इंजिनसोबत कलाकार आणि रचनाकार ज्यावर दिवसभर काम करतात तो ‘एडिटर’ येतो. चित्रकाराने झाड बनवले, ते गेममध्ये कसे दिसते हे त्याला पाच सेकंदांत कळते की अर्ध्या तासाने, यावर अख्ख्या प्रकल्पाचे भवितव्य ठरू शकते. इंजिन किती चांगले, हे जाहिरातीतल्या चकचकीत दृश्यांपेक्षा या पाच सेकंदांवरून ओळखावे.

अ‍ॅमेझॉनला इंजिन कशासाठी हवे होते?

२०१४ हे वर्ष इथे महत्त्वाचे. त्या वर्षी अ‍ॅमेझॉनने ‘डबल हेलिक्स’ हा गेम स्टुडिओ विकत घेतला आणि ऑगस्टमध्ये गेमचे थेट प्रक्षेपण दाखवणारी ‘ट्विच’ ही कंपनी सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतली. क्लाउड सेवेचा, म्हणजे एडब्ल्यूएसचा, व्यवसाय आधीच भरभराटीला आला होता. लोक गेम खेळतात, इतर लोक ते बघतात, आणि दोन्हीसाठी सर्व्हर लागतात. या साखळीत एकच कडी अ‍ॅमेझॉनकडे नव्हती, ती म्हणजे गेम बनवण्याचे साधन.

त्याच वेळी जर्मनीतील फ्रँकफर्टची ‘क्रायटेक’ ही कंपनी आर्थिक अडचणीत होती. ‘फार क्राय’ आणि ‘क्रायसिस’ या गेममुळे तिचे ‘क्रायइंजिन’ देखण्या दृश्यांसाठी जगभर नावाजलेले होते; पण कर्मचाऱ्यांचे पगार थकल्याच्या बातम्या २०१४ मध्ये येऊ लागल्या. अ‍ॅमेझॉनने तिच्याकडून इंजिनचा परवाना घेतला. हा व्यवहार ५ ते ७ कोटी डॉलरचा असल्याचे तेव्हाच्या वृत्तांत म्हटले होते. त्या पायावर अ‍ॅमेझॉनने आपले इंजिन उभारले आणि ९ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘लंबरयार्ड’ या नावाने ते सर्वांसाठी खुले केले.

किंमत शून्य. विक्रीतला हिस्साही नको. अट एकच होती : गेमला क्लाउड लागणार असेल तर तो अ‍ॅमेझॉनचाच घ्यायचा, किंवा स्वतःच्या मालकीचे सर्व्हर चालवायचे. दुसऱ्या क्लाउड कंपनीकडे जायचे नाही. ज्या करारात ही अट होती, त्यातच गमतीचे एक कलमही होते. अणुभट्टी, वैद्यकीय उपकरणे अशा जिवाशी संबंधित ठिकाणी हे सॉफ्टवेअर वापरण्यास मनाई होती. परंतु मृतदेहांना पुन्हा उठवणारा विषाणू पसरल्याचे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने प्रमाणित केल्यास ही मनाई लागू राहणार नाही, असे कंपनीच्या वकिलांनी गंभीरपणे लिहून ठेवले होते. त्या कलमाची बातमी इंजिनपेक्षा जास्त वाचली गेली असावी.

विनोद बाजूला ठेवला तर इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, इंजिन बनवण्यामागचे कारण कोणताही गेम नव्हता. कारण होते क्लाउडचे भाडे.

मग बिनसले कुठे?

अ‍ॅमेझॉनच्या स्टुडिओंना आपले गेम याच इंजिनवर बनवायचे होते. म्हणजे एकाच इमारतीत एक गट इंजिन बांधत होता, दुसरा त्यावर गेम बांधत होता आणि पाया रोज हलत होता. पायासाठी घेतलेले क्रायइंजिन मुळात पहिल्या पुरुषी दृष्टिकोनातून खेळायच्या, घनदाट जंगले दाखवणाऱ्या नेमबाजीच्या गेमसाठी घडलेले. अ‍ॅमेझॉनला हवे होते हजारो खेळाडू एकत्र नांदतील असे ऑनलाइन जग. जाळ्यावरच्या संवादाचा भाग बराचसा नव्याने घडवावा लागला.

जानेवारी २०२१ मध्ये ब्लूमबर्गने या विभागाची कहाणी सविस्तर प्रसिद्ध केली. विभागावर वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर खर्च होत असल्याचे त्यात म्हटले होते. लंबरयार्डवर काम करणे इतके संथ होते की, केलेला बदल तयार होऊन दिसेपर्यंत काही कर्मचारी दुसरे गेम खेळत किंवा अ‍ॅमेझॉन प्राइमवर चित्रपट बघत बसत, असेही त्या वृत्तात होते. वर झाडाचे जे उदाहरण दिले, ते नेमके हेच.

परिणाम पडद्यावर दिसले. ‘ब्रेकअवे’ हा गेम २०१६ मध्ये गाजावाजा करून दाखवण्यात आला. २०१८ मध्ये तो बाजारात न येताच गुंडाळला गेला. ‘क्रूसिबल’ २० मे २०२० रोजी प्रदर्शित झाला. सहा आठवड्यांत तो पुन्हा ‘चाचणी’ अवस्थेत नेण्यात आला, ऑक्टोबरमध्ये बंद करण्याची घोषणा झाली आणि नोव्हेंबरमध्ये सर्व्हर थांबले. प्रदर्शित झालेला गेम मागे घेऊन पुन्हा चाचणीत टाकणे ही या उद्योगातली दुर्मीळ नामुष्की.

‘न्यू वर्ल्ड’ मात्र चालला, निदान सुरुवातीला. २८ सप्टेंबर २०२१ रोजी तो आला आणि पहिल्याच आठवड्यात ‘स्टीम’ या मंचावर एका वेळी ९ लाखांहून अधिक लोक तो खेळत होते. पण लगेचच विचित्र दोष उघड होऊ लागले. गेमची खिडकी माउसने पडद्यावर इकडेतिकडे ओढत राहिले की पात्राला इजाच होत नसे. गप्पांच्या चौकटीत विशिष्ट संकेत टाकला की समोरच्याचा गेम बंद पडे. सोन्याची नाणी दुप्पट करण्याची पळवाट सापडल्यावर काही काळ गेममधले आर्थिक व्यवहारच गोठवावे लागले. हे सगळे खापर इंजिनवर फोडता येणार नाही. खराब नियोजन, घाई, गेमचे स्वरूप मधेच बदलणे हेही होतेच. तरी यातल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ खेळाडूच्या संगणकावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न, वर्षानुवर्षे ऑनलाइन गेम चालवलेल्या इंजिनांनी कधीच सोडवलेल्या असतात. नवे इंजिन म्हणजे हे धडे पुन्हा पहिलीपासून गिरवणे.

आता याच्या शेजारी एक आकडा ठेवून बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘लॉस्ट आर्क’ हा दक्षिण कोरियातील ‘स्माइलगेट’ कंपनीचा गेम पाश्चात्त्य देशांत आणला. स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा १३ लाखांवर गेला. तो गेम बनला होता ‘अनरियल इंजिन ३’वर, म्हणजे दोन पिढ्या जुन्या आणि बाजारात कोणालाही मिळू शकणाऱ्या इंजिनवर. खेळणाऱ्याला इंजिन कोणाचे याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘टूम रेडर’ मालिकेतला पुढचा गेम अ‍ॅमेझॉन प्रकाशित करणार असल्याचे जाहीर झाले. त्याचे इंजिन? अनरियल ५.

यशस्वी इंजिने जन्माला येतात कशी?

बहुतेक गाजलेली इंजिने आधी गेम होती. १९९८ मध्ये ‘अनरियल’ नावाचा नेमबाजीचा गेम आला. तो ज्या यंत्रणेवर बनला ती इतर स्टुडिओंनी विकत मागितली आणि एपिक कंपनीचा दुसरा धंदा सुरू झाला. आजही एपिकचा ‘फोर्टनाइट’ अनरियलवर चालतो. इंजिनमध्ये काही बिघडले तर पहिली झळ एपिकलाच बसते आणि म्हणून ते लवकर दुरुस्त होते. गेम आधी, इंजिन नंतर, हा क्रम अ‍ॅमेझॉनने उलटा केला.

युनिटीची कथा त्याहून रंजक आहे. कोपनहेगनमधल्या तीन तरुणांच्या छोट्या कंपनीने २००५ मध्ये ‘गूबॉल’ नावाचा गेम काढला. तो काही चालला नाही. पण तो बनवताना तयार केलेली साधने चांगली आहेत, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी गेम सोडून साधनेच विकायला काढली. पुढे स्मार्टफोन आले आणि युनिटीचे नशीब उघडले. २०१६ चा ‘पोकेमॉन गो’ युनिटीवरच बनलेला. मात्र पुढच्या काळात युनिटीकडे स्वतःचा मोठा गेम नव्हता, आणि आपणच बनवलेल्या साधनातला काटा आपल्याच पायात रुतत नसल्याची तक्रार गेम बनवणारे अनेकदा करत आले आहेत.

दुसऱ्याने घडवलेले इंजिन घेणे कमीपणाचेही नाही. जपानचे ख्यातनाम गेम दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी स्वतंत्र स्टुडिओ काढल्यावर आपल्या २०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’साठी नेदरलँड्समधील ‘गुरिला गेम्स’चे ‘डेसिमा’ इंजिन घेतले. नव्या स्टुडिओची पहिली काही वर्षे त्यामुळे गेमवर खर्च झाली.

पैशांचा हिशेब काय सांगतो?

अनरियल इंजिन वापरणाऱ्याला गेमच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या उत्पन्नावर काही द्यावे लागत नाही. त्यापुढच्या उत्पन्नावर ५ टक्के हिस्सा जातो. २०२५ पासून, गेम एपिकच्या दुकानातही इतर मंचांसोबतच आणला तर हा हिस्सा ३.५ टक्के होतो. मोठ्या कंपन्या वेगळी घासाघीस करतात ती निराळी.

पाच टक्के ऐकायला बरेच वाटतात. पण ढोबळ गणित मांडून पाहू. समजा, इंजिनसाठी १०० अभियंते लागले आणि पगार, जागा, यंत्रे धरून एकावर वर्षाला दीड लाख डॉलर खर्च झाला. वर्षाचे दीड कोटी, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. हा खर्च ५ टक्के हिस्सा वाचवून भरून काढायचा तर त्या इंजिनवरच्या गेमनी १५० कोटी डॉलरचा धंदा करायला हवा. ३.५ टक्क्यांनी हिशेब केला तर २१४ कोटींचा. आणि पाच वर्षांनी इंजिन पूर्ण झाले, आता अभियंत्यांना घरी पाठवा, असेही करता येत नाही. नवा प्लेस्टेशन येतो, नवे ग्राफिक्स कार्ड येते, फोनची प्रणाली बदलते. इंजिन हत्तीसारखे असते. विकत घेण्यापेक्षा पोसण्याचा खर्च मोठा.

यात एक खर्च मांडलेलाच नाही : माणसे. अनरियल किंवा युनिटी येणारा उमेदवार बाजारात मिळतो आणि पहिल्या आठवड्यात कामाला लागतो. घरच्या इंजिनला नव्या माणसाला काही महिने शिकवावे लागते. तो शिकून तयार होतो आणि ती विद्या दुसरीकडे कुठेच चालत नाही.

बड्या गेम कंपन्याही घरची इंजिने का सोडत आहेत?

पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’चे ‘रेडइंजिन’ ‘विचर’ मालिकेमुळे नावारूपाला आले होते. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ त्याच इंजिनवर आला आणि जुन्या कन्सोलवर इतका मोडकळीला आलेला निघाला की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून सहा महिने काढून टाकला. मार्च २०२२ मध्ये कंपनीने पुढचा ‘विचर’ अनरियल ५ वर करण्याची घोषणा केली. मायक्रोसॉफ्टच्या ‘हेलो’ मालिकेचेही तेच. ‘हेलो इन्फिनिट’साठी ‘स्लिपस्पेस’ हे इंजिन उभारले, गेम वर्षभराने लांबून डिसेंबर २०२१ मध्ये आला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टुडिओने नाव बदलून अनरियलकडे मोर्चा वळवला. मायक्रोसॉफ्टला पैशाची वा अभियंत्यांची चणचण होती, असे कोण म्हणेल?

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा, म्हणजे ‘ईए’चा, प्रसंग अधिक बोलका. स्वीडनच्या ‘डाइस’ स्टुडिओने ‘बॅटलफील्ड’साठी घडवलेले ‘फ्रॉस्टबाइट’ इंजिन ईएने आपल्या जवळजवळ सर्व स्टुडिओंत नेले. हिस्सा वाचेल, साधने एक होतील, हा विचार कागदावर बिनतोड होता. पण नेमबाजीच्या गेमसाठी घडलेल्या इंजिनमध्ये भूमिकाप्रधान गेमला लागणाऱ्या प्राथमिक सोयीच नव्हत्या; पात्राजवळचे सामान दाखवणारी यादीसुद्धा कॅनडाच्या ‘बायोवेअर’ला नव्याने करावी लागली. शिवाय फुटबॉलचा ‘फिफा’ हा दरवर्षी येणारा आणि दरवर्षी कमावणारा गेम त्याच इंजिनवर आल्यावर फ्रॉस्टबाइटचे अनुभवी अभियंते आधी तिकडे धावू लागले, असे ‘अँथम’ या फसलेल्या गेमवरच्या वृत्तांतून पुढे आले. घरचे इंजिन असले तरी दुरुस्तीच्या रांगेत आपला नंबर कितवा, हे घरातल्या कमावत्यावर ठरते.

मग परावलंबनाचे काय?

इथे दुसरी बाजू वजनदार आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने नवे शुल्क जाहीर केले. ठरावीक मर्यादेपलीकडे गेम गेला की प्रत्येक नव्या ‘इन्स्टॉल’मागे पैसे, सर्वांत खालच्या श्रेणीत २० सेंटपर्यंत. फुकट डाउनलोड होणाऱ्या आणि प्रत्येक खेळाडूमागे काही पैसेच कमावणाऱ्या मोबाइल गेमसाठी हे गणित भयंकर होते. लोकप्रियता वाढली तर तोटा वाढणार. त्याहून मोठा धक्का असा की, आधीच्या अटींवर वर्षानुवर्षे बांधलेल्या गेमनाही हे लागू होणार होते. जगभर संताप उसळला. दहा दिवसांत युनिटीने अटी सौम्य केल्या, ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क पूर्ण मागे घेण्यात आले. पण विश्वास गेला तो गेला. ‘स्ले द स्पायर’च्या निर्मात्यांनी आपला पुढचा गेम अर्जेंटिनात जन्मलेल्या ‘गोडो’ या मुक्त इंजिनवर नेला.

त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये अ‍ॅपल आणि एपिक यांच्यात फोर्टनाइटवरून जुंपली तेव्हा अ‍ॅपलने एपिकची सगळी विकसक खाती बंद करण्याचा इशारा दिला. तसे झाले असते तर आयफोनसाठीचे अनरियल इंजिनच अडचणीत आले असते आणि ज्यांचा भांडणाशी संबंध नाही, त्यांचे गेमही. अगदी मायक्रोसॉफ्टनेही न्यायालयात एपिकच्या बाजूने निवेदन दिले, कारण आयफोनवरचा तिचा एक गेम अनरियलवर होता. न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी इंजिनपुरता अ‍ॅपलला मनाई आदेश दिला म्हणून ते निभावले.

यावर तोडगा स्वतःचे इंजिन हाच, असे मात्र नाही. अनरियलचा मूळ कोड परवानाधारकांना वाचता आणि बदलता येतो. चीनच्या ‘मिहोयो’ने ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ युनिटीवर केला, पण त्यात स्वतःची इतकी भर घातली की तो युनिटीचा वाटतच नाही. दुसऱ्याचे जोते वापरायचे आणि आपल्याला लागणारी एखादी खोली मनासारखी बांधायची, हा मधला मार्ग बहुतेकांना पुरतो. करारात मात्र एक ओळ डोळ्यांत तेल घालून पाहावी : आज घेतलेल्या आवृत्तीच्या अटी उद्या एकतर्फी बदलता येतील का?

स्वतःचे इंजिन कोणाला परवडते?

रॉकस्टारला परवडते. ‘जीटीए ५’च्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि त्यांच्यासारखी जिवंत शहरे बाजारातल्या इंजिनवर सहज उभी राहत नाहीत. जपानच्या ‘कॅपकॉम’ला परवडते. जानेवारी २०१७ च्या ‘रेसिडेंट इव्हिल ७’सोबत आलेले तिचे ‘आरई इंजिन’ पुढे ‘स्ट्रीट फायटर ६’पर्यंत अनेक मालिकांना पुरले. तिथेही ताण दिसतोच. अरुंद घरे आणि बोळांसाठी जन्मलेल्या या इंजिनवर २०२५ चा ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ हा विस्तीर्ण मैदानांचा गेम आला तेव्हा संगणकावर तो अडखळत असल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला.

आणि रोब्लॉक्सला तर पर्यायच नव्हता. तिथे गेम बनवतात ती वापरणारी मुले-माणसेच. कंपनी त्यांना देते ते इंजिन आणि बाजारपेठ. २०२५ मध्ये दिवसाला १० कोटींहून अधिक लोक तिथे येत होते. हॉटेलवाल्याने गिरणी काढावी का, हा प्रश्न रोब्लॉक्सला लागू नाही. तिचा धंदाच गिरणीचा आहे.

मेटाचे होरायझन इंजिन याच रांगेत बसवायचा प्रयत्न आहे. लोकांनी आत येऊन स्वतः जगे बांधावीत, ती लवकर उघडावीत, एका जागी जास्त माणसे मावावीत, ही तिची गरज सर्वसाधारण इंजिनने पुरी होत नव्हती, हा दावा तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखा आहे. अडचण वेगळी आहे. रोब्लॉक्सकडे आधी गर्दी होती, मग इंजिन मोठे होत गेले. होरायझनमध्ये गर्दी अजून यायची आहे.

पुण्यातल्या स्टुडिओंनी काय केले?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर फारशी चर्चा न होता दिले गेले आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’च्या छोट्या चमूने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम अनरियलवर केला आणि २०२० मध्ये तो निन्टेंडो स्विचसह मोठ्या कन्सोलवर पोहोचवला. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ युनिटीवर बनवला. स्वतःचे तंत्रज्ञान घडवले ते पाठीमागच्या सर्व्हर-व्यवस्थेसाठी, जिथे भारतातल्या स्वस्त फोनवर आणि तुटक्या नेटवर्कवर लाखो खेळाडू सांभाळायचे असतात. आपली अडचण जिथे इतरांपेक्षा वेगळी, तिथेच घरचे काम. सिअ‍ॅटलमध्ये हा विवेक २०१४ साली दिसला असता तर बरेच डॉलर वाचले असते.

लंबरयार्डचे पुढे काय झाले?

जुलै २०२१ मध्ये, ‘न्यू वर्ल्ड’ बाजारात येण्याच्या सुमारे पावणेतीन महिने आधी, अ‍ॅमेझॉनने लंबरयार्डची पुढची पिढी लिनक्स फाउंडेशनकडे सोपवली. ‘ओपन ३डी इंजिन’ या नावाने आता ते मुक्त स्रोत आहे. कोणीही घ्यावे, बदलावे, हिस्सा नाही, क्लाउडची अटही नाही. ‘न्यू वर्ल्ड’ मात्र लंबरयार्डच्याच ‘अ‍ॅझोथ’ नावाच्या वेगळ्या फांदीवर राहिला. गेम बनवणाऱ्यांनी नव्या मुक्त इंजिनकडे फारसे वळून पाहिले नाही. त्याला गिऱ्हाईक मिळाले ते निराळ्याच क्षेत्रात. कारखान्यात किंवा शेतात यंत्रमानव सोडण्याआधी तो संगणकातल्या खोट्या जगात चालवून पाहावा लागतो. तिथे जमीन, प्रकाश, धक्के, अडथळे सगळे खऱ्यासारखे लागते आणि यंत्रमानवांसाठीच्या ‘आरओएस २’ या प्रणालीशी हे इंजिन जोडण्याची सोय आता झाली आहे.